डावी, खालची, मागली

पहिलीच्या वर्गासमोर उभं राहून विजयमालानं उजवा हात वर केला, "उजवाऽ हात वर!" असा आवाज दिला, आणि समोरच्या चाळीस पोरांनी झाडून डावे हात वर केले. चूक पोरांची नव्हती. डावं-उजवं शिकवताना बाईनं पोरांकडं पाठ करून उभं राहायचं असतं, म्हणजे बाईचा उजवा तोच पोरांचा उजवा होतो. डी. एड.च्या पहिल्याच महिन्यात हे तिच्या डोक्यात बसवलं होतं आणि नोकरीच्या वर्षभरात ती एकदाही चुकली नव्हती. आज चुकली. उजव्या जबड्याच्या टोकाला, कानाखाली, दाढ ठणकत होती, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि पाठ फिरवायचं राहून गेलं. पोरांना बाईंचा हात ज्या बाजूला दिसला त्या बाजूचा आपला हात त्यांनी वर केला. पुढच्या रांगेतली एक विणकराची पोर शेजारणीला "कुडि, कुडि" म्हणून सांगत होती, म्हणजे तिच्या तेलुगूत उजवा, आणि स्वतः डावाच वर धरून बसली होती. भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट चालला होता. विजयमाला त्या चाळीस हातांकडं नुसती बघत राहिली. ती "हात खाली" म्हणाली नाही म्हणून कुणी हात खाली केला नाही. एकाचा हात थरथरायला लागला, त्यानं दुसऱ्या हातानं कोपराला टेकू दिला, पण खाली केला नाही.

"अस्सं झालं होय," ती मोठ्यांदा म्हणाली. म्हणजे जबडा बोटभरच उघडत होता, तेवढ्या फटीतून जेवढं मोठ्यांदा म्हणता येईल तेवढं. पोरांना वाटलं, हाही धडाच. दोघातिघांनी "अस्सं झालं होय" असं मागून म्हटलंसुद्धा. तिला हसू आलं नाही. पाच वर्षं ती जे कोडं घेऊन हिंडत होती ते या चाळीस शेंबड्या पोरांनी एका हातात सोडवलं होतं. आपली डावीकडची, चांगली, धडधाकट, दगड फोडला असता अशी दाढ का गेली, कशी गेली, ते तिला आत्ता कळलं. मामा, म्हणजे तिचे सासरे, समोर बसले होते. बस्स, एवढंच. दुसरं काही नव्हतं. ते समोर बसले होते आणि त्यांनी जिकडं दिसलं तिकडं बोट केलं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी! तिच्या कानशिलातून असा काही जाळ उठला की दाढेचा ठणका क्षणभर कुठल्या कुठं गेला. "हात खाली," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली, आणि उरलेला तास पोरांना पाटीवर रेघोट्या ओढायला लावून तिनं खिडकीबाहेर बघत काढला.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. लग्नाला वर्ष झालं होतं. माढ्याजवळच्या त्या गावात, त्या घरात, सून सासऱ्यासमोर बोलत नसे. आबासाहेब तिचे सासरे. नात्यानं ती त्यांना मामा म्हणे, पण म्हणे म्हणजे काय, मनातल्या मनात. समोर बोलायचा प्रश्नच नव्हता. चहा झाला तर दाराआडून सासूला सांगायचं, "मामांना म्हणावं, च्या झालाय." सासू नसली तर भिंतीला सांगायचं. भिंत नको वाटली तर फुलपात्र ताटलीवर दोनदा वाजवायचं, की मामांनी ओळखायचं आणि खाकरून "बरं" म्हणायचं, तेही सुनेला नाही, खांबाला. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तिलाही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोला. माहेरी तिची आई असंच करायची. असलंच सगळं असतं, असं धरून ती चालत होती. आणि एके दिवशी उजव्या जबड्यात मागं कळ सुरू झाली.

तोंडात बोट घालून बघावं तर तिथं दाढच नव्हती. नुसती हिरडी, सुजलेली, लाल, तिच्याखाली काहीतरी टणक. तोंड उघडेना, गिळवेना. भाकरी दुधात कुस्करून तिचा लगदा करायचा आणि घशाखाली ढकलायचा. सासू रंभाबाईंनी लवंग दिली, मिसरी दिली, शेजारच्या दगडाबाईंनी रिंगणीच्या बियांची धुरी द्यायची म्हणून सांगितलं. आठव्या दिवशी मामांनी अंगणातूनच जाहीर केलं की कारखान्यावर दातांचं शिबिर आलंय, पुण्याचे डॉक्टर आहेत, सुनेला घेऊन मी स्वतः जाणार. जोतीराम, तिचा नवरा, तेव्हा नुकताच सोलापुरात जिल्हा परिषदेत चिकटला होता. तो गावात असता तर? असता तरी काय फरक पडणार होता! बैलगाडीत मामा तिच्यासमोर बसले. सून शेजारी बसत नाही, समोर बसते, पदर पुढं ओढून, मान खाली घालून. दोन तास ती उजव्या गालावर हात दाबून बसली होती आणि दोन तास मामा तिच्या त्या हाताकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत काळजी होती. हे तिनं पदराआडून पाहिलं होतं, आणि पाच वर्षं तीच एक गोष्ट तिला खाली बसवत आली होती.

साखरेच्या गोडाऊनमध्ये लाकडी खुर्च्या मांडल्या होत्या. बायकांची रांग वेगळी, पण ती बोलणार नाही म्हटल्यावर मामा तिच्याबरोबर आत आले. तीन तास उभे राहिले, हे खरं आहे, पायजमा गुडघ्यापर्यंत धुळीनं माखला होता. खुर्चीत तिला बसवलं तेव्हा ते तिच्या पायांशी उभे होते, म्हणजे पुन्हा समोर. कोवळ्या तोंडाचा एक डॉक्टर, त्याच्यामागं शिकाऊ पोरं. "कुठली?" त्यानं विचारलं. कुणाला विचारलं? तिला नाही. तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत विचारलं. आणि मामा तयारीनं, पाठ केल्यासारखं, एका दमात म्हणाले, "डावी, खालची, मागली."

तिनं मान हलवली. जोरात हलवली. "भितीय," डॉक्टर म्हणाला. तिनं हात उचलून उजव्या गालाला लावला, तो तिथल्या एका बाईनं धरून खाली केला आणि मांडीवर दाबून ठेवला. "भ्यायचं न्हाय गं बाय, लेकरं व्हायची हैत अजून तुला, ह्याला काय भितीस!" सगळे हसले. मामाही हसले, मायेनं. तोंडात बोटं गेली होती, ती त्यांच्याआडून "उं उं" करत होती, आणि मग सुई गेली, डावीकडं. डावी बाजू जड झाली, जीभ जड झाली, आणि उजवीकडं कळ तशीच ताजीतवानी मारत राहिली. तेव्हासुद्धा एक शब्द पुरला असता. एकच. उजवी. तीन अक्षरं. मामा समोर होते म्हणून ती तीन अक्षरं तिच्या तोंडून फुटली नाहीत, आणि चिमटा डावीकडं गेला. हाडातून काहीतरी मुळासकट निघाल्याचा करकर आवाज तिनं कवटीच्या आतून ऐकला. तोंड तिचं, दाढ तिची, रक्त तिचं, आणि बोलणार जगातलं दुसरं कुणीही!

मामांनी ती दाढ वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घरी आणली. अंगणात शेजारीपाजारी जमले होते, कागद उलगडला. पांढरीशुभ्र दाढ, दोन लांब मुळं. रंभाबाईंनी डोळ्यांजवळ धरून बघितली. "अवो, ह्यात कीड कुटं हाय?" "आतून असंल," मामा म्हणाले. "आतून असती कीड." आणि गंमत म्हणा की दैवाचा फाजीलपणा म्हणा, आठ-दहा दिवसांत उजवी सूज आपोआप उतरली. तसं होतं, असं आता डॉक्टरांनी सांगितलंय. ही दुखणी येतात आणि जातात. पण तेव्हा घरादाराला वाटलं, मामांनी सून बरी केली.

जोतीराम शनिवारी आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. विहिरीवर, धुणं धुताना. तो आधी हसला. मग तिचं तोंड बघून हसू आवरलं. "अगं, मग तवाच बोलायचं की!" म्हणाला. जणू काही तो या घरात वाढलाच नव्हता. मग इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून, "आता गप. आबांना कळलं तर लई वाईट वाटंल त्यांना. तीन तास रांगेत हुबं हुतं म्हातारं तुज्यासाठी." म्हणजे दाढ हिची गेली आणि वाईट त्यांना वाटणार होतं, म्हणून हिनं गप बसायचं. ती गप बसली. पाच वर्षं. आणि त्या पाच वर्षांत घरात पाहुणा आला, सोयरा आला, साधा तलाठी आला, की मामा सांगणार, "आमच्या सूनबाईची दाढ! एका मिंटात भाईर! पोरीनं हूं का चूं केलं न्हाय. लई धीराची." आणि ही दाराआड चहाचं ताट धरून उभी, जीभ त्या डावीकडच्या भोकात फिरवत. जीभ आपोआप जाते तिथं. अजून जाते. जेवताना जाते, शिकवताना फळ्याकडं तोंड केलं की जाते, देवळात हात जोडल्यावर जाते.

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. वाईट माणसावर राग धरता येतो, तो राग खुंटीला टांगून ठेवता येतो. मामा वाईट नव्हते. दुष्काळात घरी खायचे वांधे असताना त्यांनी तिला डी. एड.ला घातलं. भावकी बसली होती ओसरीवर, चुलत सासरे म्हणत होते, सून मास्तरीण करून नाचवणार का. मामा म्हणाले होते, "माजी सून शिकंल. ज्याला बघवत न्हाय त्यानं तोंड फिरवावं." हे तिनं दाराआडून ऐकलं होतं. त्यांच्यामुळं ती सोलापुरात आली, त्यांच्यामुळं तिच्या नावाचा पगार सुरू झाला, त्यांच्यामुळं चाळीस पोरं तिला बाई म्हणून हाक मारतात. तिला राग यायचा आणि रागाच्या पाठोपाठ लाज यायची. आज वर्गात लाज आली नाही. आज नुसता राग आला, निखळ, आणि तो आल्याचं तिला बरंसुद्धा वाटलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा सूज आली होती, या वेळी लिंबाएवढी. जोतीराम तिला दातांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. शाळेत त्याआधी अक्कलदाढ म्हटल्यावर जो विनोद करायचा तो हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत प्रत्येकानं करून झाला होता. डॉक्टर वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी दोन्ही बाजूंचे फोटो काढले, ते चिमुकले काळे फोटो ट्यूबलाइटसमोर धरले. दोन्ही बाजूंच्या खालच्या अक्कलदाढा हाडात आडव्या पडल्या आहेत, म्हणाले. वर यायला जागा नाही, म्हणून पुढच्या दाढेला ढुशा देतात. उजवीभोवती आत सडायला लागलं आहे. सूज उतरली की हिरडी चिरून, हाड थोडं कोरून काढावी लागेल. मग त्यांनी चिमुकला आरसा डावीकडं नेला आणि थांबले. "इथली दाढ कुणी काढली?" तिच्याकडं बघून विचारलं. तिनं श्वास घेतला. आणि जोतीराम पटकन म्हणाला, "गावाकडं, शिबिरात. किडली होती." डॉक्टर तिच्याच डोळ्यांत बघत होते. "असं होय," म्हणाले, "बाकी एकही दात किडका नाही यांचा." मग आरसा बाहेर काढून, "तिथं जागा झाली म्हणून मागची तिकडं कलंडली आहे. वाकडी आहे, चावायच्या उपयोगाची नाही, पण तूर्त त्रास द्यायची नाही. कधीतरी तीही काढावी लागेलच." बाहेर आल्यावर जोतीराम सायकलचं कुलूप काढत म्हणाला, "मंजे एका अर्थी आबांनी चांगलंच केलं की!" ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याला वाटलं, सूज आहे.

आज तीन वाजताची वेळ होती. गोळ्यांनी सूज उतरली होती, वरून बघणाऱ्याला दोन्ही गाल सारखेच दिसले असते. जोतीरामच्या कचेरीत तपासणीचे साहेब आले होते. "आबा आलेत नं गावाकडनं, ते येतील," सकाळी बूट घालता घालता म्हणाला. आतल्या खोलीत मामा खाकरले आणि भिंतीला म्हणाले, "मी हाय की."

शाळेच्या फाटकाबाहेर ते अर्ध्या तासापासून उभे होते. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीत पेल्यातलं ताक होतं, फडक्यानं तोंड बांधलेलं. दाढ काढल्यावर सुनेला काही खाता येणार नाही, म्हणून शेजारणीकडून मागून आणलं होतं. ते दिसल्याबरोबर तिचा राग निम्मा उतरला आणि तो उतरल्याचाच तिला संताप आला. असं ताक आणणारा माणूस! आता याच्यावर चिडायचं कसं? मामा पुढं चार पावलं, ती मागं. रस्त्यावर उन्हाचा रखरखाट, गिरणीचा दुपारचा भोंगा, मागांच्या शेडमधून सुताचा आणि खळीचा दमट वास मारणारी हवा. ती त्यांच्या पाठीकडं बघत चालली होती. त्यांनी पिशवी डाव्या हातात धरली होती, तोच तिचाही डावा. असं एकामागं एक चालताना चूक झाली नसती, असं तिला वाटलं, आणि तिनं रागानं एक दगड पायानं उडवला. मामांनी मागं वळून बघितलं नाही, पण चाल हळू केली. त्यांना वाटलं, सून दमली.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतींना लागून समोरासमोर दोन बाक होते. ती एका बाकावर बसली. मामा समोरच्या बाकावर. शेजारी बसतात होय कुठं! तिनं मान खाली घातली, पदर सवयीनं पुढं आला, हात सवयीनं गालावर गेला, आणि तेव्हाच तिला सगळं चित्र दिसलं. तीच बैलगाडी. तोच हात, तीच टोपी, तेच काळजीचे डोळे. तिच्या बाकावर कडेला एक म्हातारी कण्हत होती, मामांच्या शेजारी दोन बिडीवाल्या बायका दाताला फडकं लावून बसल्या होत्या.

कंपाउंडर कल्लप्पा आतून चिठ्ठ्यांचं पॅड घेऊन आला. अक्कलकोटकडचा, नाकात बोलणारा, कामात घाई. नाव घातलं, वय विचारलं. वय मामांना विचारलं. मामांनी सांगितलं, तेही एक वर्षानं चुकवून. मग कल्लप्पा म्हणाला, "कुठली दाढ? दोन फोटो हैत पाकिटात, दोन्ही बाजूचे. डॉक्टर चिठ्ठी बघून इंजेक्शन मारतात. नीट सांगा."

मामांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या गालावरच्या हाताकडं पाहिलं. आणि जराही न अडखळता, तोच सूर, तोच दम, "डावी, खालची, मागली."

कल्लप्पाची पेन्सिल कागदावर चालली. ड, काना, व, वेलांटी. तिनं ती अक्षरं उलटी वाचली. वाचायची गरजच नव्हती.

आत गेल्यावर सांगता येईल. हे पहिलं सुचलं, कारण हेच नेहमी पहिलं सुचतं. मामा आत येणार नाहीत, दार बंद होईल, डॉक्टर भला माणूस आहे, हळूच म्हणायचं, चिठ्ठीवर चुकलंय हो, उजवी आहे. डॉक्टर मान हलवतील. उजवी निघेल, टाके पडतील, बाहेर मामा ताकाचा पेला पुढं करतील, पेल्याला नाही, फडक्याला म्हणतील, "घ्या म्हणावं." कुणाला काही कळणार नाही. घर शांत राहील. पुढच्या महिन्यात पाहुणे आले की मामा सांगतील, "दुसरी दाढ! ऑपरेशन करून! मी हुतो संगं. हूं का चूं केलं न्हाय." आणि ती दाराआड उभी असेल, चहाचं ताट धरून, तोंडात दोन भोकं. जीभ दोन्हीकडं जाईल. जन्मभर जाईल. सगळ्यांना सांभाळायचं, सगळ्यांचं मन राखायचं, नवऱ्याचं, सासऱ्याचं, ताकाच्या पेल्याचं! आणि कधी म्हणून कुणी एकदा विचारलं का, बाई, तुझं कुठं दुखतंय? डॉक्टर सोडून? तो तर परका माणूस. बाक तापला होता. कल्लप्पा चिठ्ठी पॅडवरून फाडत होता, टर्र, अर्धी फाटली होती.

"उजवी," ती म्हणाली.

कल्लप्पानं फाडणं थांबवलं आणि बिडीवाल्या बायकांकडं बघितलं, त्यांच्यातलं कुणी बोललं का म्हणून. मामांनीही तिकडंच बघितलं. सहा वर्षांत त्यांनी तिचा आवाज समोरून ऐकलेला नव्हता; तो तिचा आहे हे त्यांना ओळखूच येईना.

"उजवी आहे माझी," ती म्हणाली. पदर मागं गेला होता. जबडा बोटभरच उघडत होता, शब्द दातांतून घासून येत होते, पण आवाज वर्गातला होता. "तेव्हाबी उजवीच होती, मामा. कारखान्यावर. तुमी डावी सांगितली आणि त्यांनी डावी उपटली. चांगली होती ती. कीड नव्हती तिला. आतून नव्हती आणि बाहेरूनबी नव्हती."

मामा तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघत होते. मग त्यांना राग आला, आणि ते ठीकच झालं. "अगं, काय बोलतीस? मी हितंच बघतोय की! ही काय," त्यांनी हात लांब करून तिच्या गालावरच्या हाताकडं बोट रोखलं, "ही डावी न्हाय तर काय हाय? मला काय डावं-उजवं कळत न्हाय?"

"उठा," विजयमाला म्हणाली.

"आं?"

"उठा, उभं राहा."

मामा उठले. का उठले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुतेक आवाजानं उठले. त्या आवाजाला रोज चाळीस जण उठतात.

"आता माझ्याकडं पाठ करा. भिंतीकडं तोंड. पाठ करा, मामा."

ते वळले. पिशवी बाकावर होती, ती त्यांनी जाताजाता सावरली, पेला सांडू नये म्हणून. मग भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मानेवर, टोपीच्या खाली, उन्हानं करपलेली सुरकुतलेली कातडी दिसत होती. ती त्यांच्यामागं जाऊन उभी राहिली. आता दोघांची तोंडं एकाच बाजूला होती. तिचा हात अजून गालावरच होता.

"डावा हात वर," ती म्हणाली.

त्यांनी डावा हात वर केला. लगेच केला, शहाण्या पोरासारखा, खांद्याच्या वर, ताठ. आणि मग मान थोडी वळवून, खांद्यावरून त्यांनी मागं बघितलं. आधी आपला वर केलेला हात बघितला. मग तिचा गालावरचा हात बघितला. तो दुसऱ्या बाजूला होता. पुन्हा आपला हात बघितला. मग पुन्हा तिचा. त्यांचे ओठ हलत होते, हिशेब जमत नसलेल्या पोरासारखे, आणि मग ते हलायचे थांबले.

"तीन तास," ते म्हणाले. भिंतीला म्हणाले. "तीन तास हुबा हुतो गं मी." आणि मग अगदी हळू, "तू बोलली का न्हाईस?"

याचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं, पाच वर्षांपासून तयार होतं, पण ते त्यांना ठाऊक होतं हे तिला त्यांच्या मानेवरूनच दिसत होतं. तुमी विचारलं का नाही, एवढंच तिनं म्हणायला पाहिजे होतं. तिनं तेही म्हटलं नाही. तिनं कल्लप्पाच्या हातातली अर्धी फाटलेली चिठ्ठी घेतली, त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, 'डावी'वर काट मारली आणि फळ्यावर लिहितात तसं मोठं, ठसठशीत 'उजवी' लिहिलं. खाली स्वतःचं नाव लिहिलं.

आतून घंटी वाजली. ती दाराकडं गेली. उंबऱ्यात क्षणभर थांबून तिनं मागं बघितलं. मामा तसेच भिंतीकडं तोंड करून उभे होते. डावा हात वर, ताठ. दंड थरथरायला लागला होता, म्हणून उजव्या हातानं त्यांनी कोपराला टेकू दिला होता. बिडीवाल्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. बाकावर फडक्याखाली ताकाचा पेला होता. 'हात खाली' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते, आणि ते कुणाचे होते हे तिला चांगलं माहीत होतं.

तिनं ते म्हटले नाहीत. ती आत गेली आणि खुर्चीत बसून, जेवढं उघडत होतं तेवढं तिनं तोंड उघडलं.